मदिना ते तैमा : हिजाझमधील ज्यू टोळ्यांच्या वाटेने

सौदी अरेबियाच्या पश्चिम भागातील, म्हणजे हिजाझमधील, मदिना हे शहर दोन लाव्हा पठारांच्या मध्ये वसलेले आहे. पूर्वेला हर्रत वाकिम आणि पश्चिमेला हर्रत अल-वबरा अशी या पठारांची जुनी नावे असून, ‘हर्रा’ या संज्ञेने अरबस्तानात ज्वालामुखीच्या थिजलेल्या काळ्या दगडांचा, घोड्याला आणि उंटालाही चालणे अवघड जाणारा प्रदेश ओळखला जातो. उत्तरेला उहुदचा डोंगर आणि दक्षिणेला आयरचा डोंगर या चौकटीत सापडलेला सपाट, पाणथळ तुकडा हेच प्राचीन यसरिब होय. इस्लामी कालगणनेच्या पहिल्या दशकात मुसलमान आणि त्यांच्या शेजारच्या ज्यू टोळ्या यांच्यात जे करार झाले, जे बिनसले आणि ज्यातून पुढे रक्तपातही झाला, त्याची कारणे शोधताना अभ्यासक बहुधा ग्रंथांकडे वळतात. परंतु कुबापासून खैबरमार्गे तैमापर्यंतचा प्रदेश क्रमाने पाहिल्यास पाणी, खजुरीच्या बागा, गढ्या आणि टोळ्यांमधील जुनी मैत्री-वैरे यांचा त्या घटनांतील वाटा ग्रंथांपेक्षा अधिक स्पष्टपणे लक्षात येतो.

मदिनेचा उतार दक्षिणेकडून उत्तरेकडे आहे. दक्षिणेकडील उंच भागाला ‘आलिया’ म्हणत आणि पावसाळी ओढ्यांचे पाणी प्रथम तेथेच येत असल्याने उत्तम बागा त्याच भागात होत्या. बनू नजीर आणि बनू कुरैझा या दोन मोठ्या ज्यू टोळ्यांची वस्ती याच आलियात होती. ‘बनू’ हा शब्द टोळीच्या नावामागे ‘अमक्याचे वंशज’ अशा अर्थाने लावला जातो. तिसरी मोठी टोळी बनू कैनुका. तिच्याकडे शेतजमीन नव्हती. सोनारकाम, हत्यारे घडवणे आणि बाजारपेठ यांवर तिचा चरितार्थ चालत असे. ज्यू शेतकरी असोत की त्यांचे अरब शेजारी असोत, सारेच दगडी गढ्यांच्या आश्रयाने राहत. या गढ्यांना ‘उतुम’ म्हणत. संकटकाळी कुटुंब, धान्य आणि शस्त्रे यांसह आत जाऊन दार लावून घेण्याची सोय त्यांत होती, आणि एखाद्या कुळाचे बळ त्याच्याकडे किती गढ्या आहेत यावरून मोजले जाई.

औस आणि खजरज या दोन अरब टोळ्यांचे आपसात पिढ्यान्‌पिढ्या वैर होते. इ. स. ६१७ च्या सुमारास झालेल्या बुआसच्या लढाईत नजीर आणि कुरैझा औसच्या बाजूने, तर कैनुका खजरजच्या बाजूने उभे राहिले. म्हणजेच ज्यू एकीकडे आणि अरब दुसरीकडे अशी विभागणी यसरिबमध्ये मुळात नव्हतीच, आणि पुढील दहा वर्षांतील प्रत्येक प्रसंगी ज्यू टोळ्या एकमेकींच्या मदतीला का धावल्या नाहीत, याचे उत्तरही या जुन्या फाळणीतच आहे. भांडणांना कंटाळलेल्या औस-खजरजमधील काही लोकांनी मक्केतून मुहंमद पैगंबरांना तंटे मिटवणारा नेता म्हणून बोलावले आणि इ. स. ६२२ मध्ये ते आपल्या अनुयायांसह यसरिबला आले. हेच स्थलांतर ‘हिजरा’ म्हणून प्रसिद्ध आहे. शहराच्या दक्षिणेला, पैगंबरांच्या मशिदीपासून साधारण साडेतीन किलोमीटरवर असलेले कुबा हे त्यांच्या मुक्कामाचे पहिले ठिकाण होते, आणि तेथून पूर्वेकडे पाहिले असता एकेकाळच्या ज्यू बागांचा भाग अगदी हाकेच्या अंतरावर असल्याचे ध्यानी येते.

या नव्या समाजाची घडी बसवण्यासाठी जो करारनामा झाला तो इब्न इसहाक या आठव्या शतकातील चरित्रकाराने जतन केला आहे. त्यात यसरिबमधील मुसलमान आणि त्यांच्याशी जोडलेले ज्यू यांनी बाहेरील आक्रमणाविरुद्ध एकत्र लढावे, आपापला धर्म पाळावा, आपापला खर्च सोसावा आणि तंटे पैगंबरांपुढे आणावेत अशी कलमे आहेत. मात्र त्यात ‘औफ कुळाचे ज्यू’, ‘नज्जार कुळाचे ज्यू’ अशा रीतीने अरब कुळांच्या आश्रयाने राहणाऱ्या ज्यूंची यादी येते. कैनुका, नजीर आणि कुरैझा या तीन मोठ्या टोळ्यांचे नाव त्यात एकदाही येत नाही. त्या टोळ्या कोणत्या करारान्वये बांधल्या गेल्या होत्या, याविषयी अभ्यासकांत म्हणूनच मतभेद आहेत, आणि पुढे ‘करारभंग’ हा शब्द वारंवार येतो तेव्हा ही अडचण विसरून चालत नाही. या करारनाम्याला जगातील पहिली लिखित राज्यघटना म्हणून मांडणारे डॉ. मुहंमद हमीदुल्लाह हे हैदराबादच्या उस्मानिया विद्यापीठाचे विद्वान होते. मराठवाडा निजामाच्या राज्यात होता त्या काळात त्यांनी हिजाझमध्ये जाऊन पैगंबरकालीन रणभूमी पायाखाली घातल्या आणि त्यांचे नकाशे तयार केले. मदिनेच्या परिसरातील आजचा अभ्यासप्रवास त्यांच्या त्या कामाचा मोठा ऋणी आहे.

धर्माच्या क्षेत्रात आरंभी जवळीक अधिक होती. मुसलमान जेरुसलेमच्या दिशेने तोंड करून प्रार्थना करीत आणि ‘आशूरा’ हा उपवास पाळीत, जो परंपरेनुसार ज्यूंच्या उपवासाशी जुळणारा होता. हिजरेनंतर सोळा-सतरा महिन्यांनी प्रार्थनेची दिशा मक्केकडे वळवण्यात आली. शहराच्या वायव्येस असलेली ‘मस्जिद अल-किब्लतैन’, अर्थात दोन दिशांची मशीद, त्या बदलाची आठवण म्हणून दाखवली जाते आणि महाराष्ट्रातून उमरा किंवा हजला जाणाऱ्या यात्रेकरूंच्या मदिना-दर्शनात ती हमखास असते. अब्दुल्लाह इब्न सलाम यांच्यासारख्या ज्यू विद्वानाने इस्लाम स्वीकारला, तर बहुतेक ज्यूंनी मुहंमदांचे प्रेषितत्व अमान्य केले. मुखैरीक नावाचे एक ज्यू गृहस्थ मक्केकरांविरुद्धच्या उहुदच्या लढाईत मुसलमानांच्या बाजूने लढून मारले गेले आणि त्यांनी आपल्या सात बागा पैगंबरांच्या नावे केल्या, ज्या पुढे धर्मादाय ठेवण्यात आल्या, असे परंपरा सांगते. एवढी गुंतागुंत असताना या काळाला ‘दोन धर्मांचे युद्ध’ असे एकच नाव देणे अन्यायाचे ठरते.

बद्रच्या लढाईत (६२४) मक्केच्या कुरैश टोळीचा पराभव झाल्यानंतर मदिनेतील सत्तेचा तोल बदलला आणि त्याच वर्षी बाजारातील एका तंट्याचे निमित्त होऊन कैनुकांना वेढा पडला. त्यांचे जुने मित्र खजरजचे नेते अब्दुल्लाह इब्न उबय्य यांनी रदबदली केल्याने त्यांचे प्राण वाचले. शस्त्रे आणि अवजारे मागे ठेवून ते सीरियाच्या दक्षिणेकडील अझरिआतला, आजच्या दर्‍आला, निघून गेले.

नजीर टोळीची खूण मात्र आजही जमिनीवर आहे. मदिनेच्या दक्षिणेस, आलियाच्या बाजूला, काळ्या दगडांच्या जाड भिंतींचा एक चौरस गढीचा अवशेष उभा असून तो काब इब्न अशरफ यांची गढी म्हणून ओळखला जातो. काब हे कवी होते. त्यांचे पिता अरब आणि माता नजीर कुळातील होती. बद्रनंतर त्यांनी मक्केला जाऊन कुरैशांना सूड घेण्यास चिथावले आणि मुसलमानांविरुद्ध कविता रचल्या, हा त्यांच्यावरील आरोप होता, आणि त्यावरून त्यांचा रात्री गढीबाहेर बोलावून वध करण्यात आला. अरब समाजात कवितेचे वजन हत्याराइतकेच होते हे खरे असले, तरी या वधाने नजीरांच्या वस्तीत किती दहशत बसली असेल, हे त्या अवशेषापाशी उभे राहून वाचकाने स्वतःच अजमावावे. पुढे ६२५ मध्ये नजीरांनी पैगंबरांना मारण्याचा कट केल्याचा आरोप ठेवून त्यांना वेढण्यात आले. वेढ्यात त्यांच्या काही खजुरी तोडण्यात आल्या. खजुरीचे झाड लावल्यापासून भरघोस फळावर यायला वर्षे लागतात आणि मग ते पिढीभर घर पोसते, त्यामुळे वाळवंटात झाड तोडणे ही गंभीर बाब होती. ही तोड योग्य होती की नाही, असा प्रश्न त्या वेळीच उभा राहिला आणि कुराणातील ‘अल-हश्र’ या एकोणसाठाव्या अध्यायात त्याला उत्तर देण्यात आले. नजीरांना उंटांवर मावेल तेवढे सामान नेण्याची मुभा मिळाली आणि त्यांनी घरांच्या दारांच्या चौकटीसुद्धा उचकटून उंटांवर लादल्या. लढाईविना हाती आलेल्या त्यांच्या जमिनीला ‘फय’ या वेगळ्या वर्गात घालून ती प्रामुख्याने मक्केहून आलेल्या निराधार मुहाजिरांना वाटण्यात आली. नजीरांपैकी हुयय्य इब्न अख्तब आदी पुढारी खैबरला गेले, आणि मदिनेतील तंटा त्यांच्याबरोबर दीडशे किलोमीटर उत्तरेला पोहोचला.

सल्अ नावाच्या छोट्या डोंगराच्या पश्चिम उतारावर ‘सात मशिदी’ म्हणून ओळखला जाणारा भाग आहे. ६२७ मध्ये कुरैश आणि गतफान आदी टोळ्यांचे सुमारे दहा हजारांचे सैन्य मदिनेवर चालून आले तेव्हा मुसलमानांची छावणी येथे होती. पूर्व आणि पश्चिमेला हर्रा असल्याने घोडदळाला वाट होती ती केवळ उत्तरेकडून, आणि तेवढ्याच बाजूला इराणी अनुयायी सलमान यांच्या सल्ल्याने खंदक खणण्यात आला. खंदकाचा आज मागमूस नाही, पण डोंगरावरून पाहता त्याची जागा तीच का असावी हे नकाशाविना समजते. दक्षिणेची बाजू कुरैझांच्या भरवशावर होती. वाकिदी हा चरित्रकार सांगतो की खंदक खणण्याची अवजारे कुरैझांनीच उसनी दिली होती. वेढा चालू असताना हुयय्य खैबरहून येऊन कुरैझांच्या गढीत शिरले आणि त्यांचे प्रमुख काब इब्न असद यांना त्यांनी बाजू बदलण्यास राजी केले, असे मुस्लिम परंपरा सांगते. कुरैझांनी मोठा हल्ला केल्याचे परंपरा सांगत नाही. परंतु पाठीमागची बाजू अशी डळमळीत झाल्याने मदिनेतील बायकामुलांवर केव्हाही घाला पडेल, ही भीती खरी होती.

वेढा उठताच कुरैझांच्या गढ्यांना वेढा पडला आणि सुमारे पंचवीस दिवसांनी ते शरण आले. औसच्या लोकांनी आपल्या जुन्या मित्रांसाठी, खजरजच्या मित्रांना मिळाली तशी दया मागितली, तेव्हा निवाडा औसचेच पुढारी साद इब्न मुआझ यांच्याकडे सोपवण्यात आला, जे खंदकाच्या लढाईत बाण लागून मरणपंथाला लागले होते. पुरुषांना ठार करावे, स्त्रिया आणि मुलांना गुलाम करावे आणि मालमत्ता वाटावी, असा निकाल त्यांनी दिला. मदिनेच्या बाजारात चर खणून त्याची अंमलबजावणी झाली. पैगंबरांच्या मशिदीच्या पश्चिमेचा मनाखाचा परिसर ही त्या जुन्या बाजाराची जागा होय. मृतांचा आकडा इब्न इसहाक सहाशे ते सातशे देतो आणि काहींच्या मते आठशे-नऊशे होते अशी पुस्ती जोडतो, तर एका हदीसमध्ये, म्हणजे पैगंबरांविषयीच्या परंपरागत नोंदीत, चारशे हा आकडा येतो. कुराणाच्या तेहेतिसाव्या अध्यायात या प्रसंगाचा उल्लेख आहे, आकडा नाही.

या घटनेविषयी विद्वानांत वाद आहे. वलीद अरफात यांनी १९७६ मध्ये लेख लिहून एवढ्या मोठ्या प्रमाणावरील हत्येची कथा अविश्वसनीय ठरवली, तर एम. जे. किस्टर यांनी १९८६ मध्ये जुन्या फिक्ह (धर्मशास्त्र) ग्रंथांचे दाखले देऊन ती घडली होती असे दाखवले. त्या युगात शरण आलेल्या पुरुषांचा वध आणि कुटुंबांची गुलामगिरी अनेक राज्यांत चालत असे, हे स्पष्टीकरण ऐतिहासिकदृष्ट्या बरोबर आहे. परंतु काळाचा दाखला देऊन त्या बाजारातील मृत्यू हलके होत नाहीत, आणि ते हलके करण्याची धडपड इतिहासाच्या कामाची नाही. त्याचबरोबर एका शहरातल्या, एका वेढ्यानंतरच्या या निकालाला आजच्या कोट्यवधी माणसांच्या स्वभावाचा पुरावा म्हणून वापरणे हेही तितकेच गैर आहे. इब्न इसहाकचे निधन ७६७ च्या सुमारास आणि वाकिदीचे ८२३ च्या सुमारास झाले, आणि कुरैझांच्या बाजूने लिहिलेली एकही समकालीन ओळ उपलब्ध नाही. हरलेल्या पक्षाची साक्ष नसलेला हा खटला आहे, एवढे भान वाचकाने शेवटपर्यंत ठेवले पाहिजे. मदिनेतून सगळे ज्यू नाहीसे झाले असेही नव्हे. पैगंबरांच्या निधनसमयी त्यांचे चिलखत जवाच्या मोबदल्यात एका ज्यूकडे गहाण होते, अशी नोंद बुखारी यांच्या हदीससंग्रहात आहे.

मदिनेहून उत्तरेला निघालेला रस्ता हर्रत खैबर या विस्तीर्ण लाव्हा प्रदेशाच्या कडेने जातो. त्यातील काही ज्वालामुखींची शिखरे पांढुरकी आणि काही काळीभोर आहेत. खैबर हे या काळ्या दगडात कोरल्या गेलेल्या खोल दऱ्यांतील खजुरीचे गाव आहे. झरे भरपूर, म्हणून बागा दाट, आणि पाणी साचून राहिल्याने हिवताप मोठा. खैबरचा ताप अरबस्तानात कुप्रसिद्ध होता. चार्ल्स डाउटी हा इंग्रज प्रवासी १८७७-७८ च्या हिवाळ्यात येथे आला आणि तुर्की अधिकाऱ्याने त्याला येथे अडकवून ठेवले. जुने दगड-मातीचे गाव आता ओस असून, अल-उलाच्या शाही आयोगाच्या देखरेखीखाली त्याचे जतन चालू आहे. २०२४ मध्ये फ्रेंच आणि सौदी पुरातत्त्वज्ञांनी याच परिसरात अल-नताह नावाचे कांस्ययुगीन तटबंदीचे नगर जाहीर केले, त्यामुळे येथील वस्ती ज्यू टोळ्यांच्या कितीतरी आधीची असल्याचे ठरले.

खैबरच्या गढ्या एका ठिकाणी नव्हत्या. नतात, शिक्क आणि कतीबा अशा वेगवेगळ्या भागांत त्या विखुरलेल्या होत्या आणि प्रत्येक भाग स्वतंत्रपणे लढला. ६२८ मध्ये हुदैबियाच्या तहाने मक्केची बाजू शांत झाल्यावर मुसलमानांनी सुमारे चौदाशे ते सोळाशे माणसांनिशी खैबरवर चाल केली. खैबरचे मित्र गतफान वेळेवर आले नाहीत आणि गढ्या एकामागून एक पडल्या. उंच कातळावरील एका गढीचे अवशेष ‘मरहबचा किल्ला’ म्हणून दाखवले जातात. मरहब हा खैबरचा योद्धा पैगंबरांचे जावई अली यांच्याशी झालेल्या द्वंद्वात पडला अशी प्रसिद्ध कथा आहे. हुयय्य यांची कन्या सफिय्या येथे कैद झाल्या आणि पुढे पैगंबरांच्या पत्नी झाल्या. पिता कुरैझांबरोबर मारला गेलेला, पती खैबरच्या पाडावानंतर मारला गेलेला, आणि नंतर चाळीसहून अधिक वर्षे मुस्लिम समाजात आदराचे स्थान, अशा या स्त्रीच्या आयुष्यात सारा संघर्ष एकवटला आहे.

खैबरचे खरे महत्त्व मात्र लढाईनंतरच्या व्यवस्थेत आहे. विजेत्यांकडे या बागा कसण्याइतके मनुष्यबळ नव्हते, म्हणून ज्यूंनी बागा बटाईने कसाव्यात आणि निम्मे उत्पन्न मुसलमानांना द्यावे असे ठरले. फळ उतरवण्यापूर्वी अब्दुल्लाह इब्न रवाहा यांनी मदिनेहून येऊन झाडावरच्या पिकाची आणेवारी केली. या अंदाजाला ‘खर्स’ म्हणत. परंपरेनुसार ज्यूंनी त्यांना दागिन्यांची लाच देऊ केली असता त्यांनी ती नाकारली आणि दोन वाटे करून हवा तो आधी उचलण्याची मुभा त्यांनाच दिली. इस्लामी कायद्यातील बटाईविषयक चर्चेत पुढे शतकानुशतके खैबरचा दाखला दिला गेला. अशी व्यवस्था दोन्ही बाजूंना परवडणारी होती आणि ती मोडली नसती तर हिजाझचा इतिहास वेगळा झाला असता.

ती सुमारे तेरा वर्षांनी मोडली. खलिफा उमर यांनी ६४१ च्या आसपास खैबर आणि फदक येथील ज्यूंना उत्तरेकडे, सीरियाच्या बाजूला, हलवले. बलाझुरी या इतिहासकाराने दिलेला तपशील बोलका आहे: फदकचे लोक न लढता तह करून आले होते, म्हणून निम्म्या जमिनीवर त्यांचा हक्क मान्य होता आणि त्या निम्म्याची किंमत आकारून त्यांना देण्यात आली, खैबरच्या लोकांना जमिनीचा मोबदला मिळाला नाही. फदक हे हर्राच्या पूर्व बाजूला, आजच्या अल-हाइत गावी होते, आणि पैगंबरांच्या निधनानंतर त्याच्या मालकीवरून त्यांची कन्या फातिमा आणि पहिले खलिफा अबू बक्र यांच्यात उद्भवलेला मतभेद शिया-सुन्नी वादात आजही आठवला जातो.

खैबरच्या नावाचा एक उत्तरार्ध बगदादमध्ये घडला. अकराव्या शतकात काही ज्यूंनी, पैगंबरांनी खैबरच्या लोकांना ‘जिझिया’ या बिगरमुस्लिमांवरील करातून सूट दिल्याचा कागद दरबारात हजर केला. अल-खतीब अल-बगदादी या हदीसपंडितांनी तो वाचताच बनावट ठरवला, कारण त्यावर साक्षीदार म्हणून मुआविया यांचे नाव होते, जे खैबरच्या वेळी मुसलमानच झाले नव्हते, आणि साद इब्न मुआझ यांचेही होते, जे वर्षभर आधीच वारले होते. असल्याच एका पत्राची प्रत कैरोच्या जुन्या सिनेगॉगमधील कागदांच्या साठ्यात सापडली आहे. पराभवाच्या स्मृतीतूनही हक्काचा आधार शोधण्याची ही धडपड जितकी करुण, तितकीच मानवी आहे.

खैबरपासून वायव्येला अल-उलाची दरी लागते. वादी अल-कुरा, खेड्यांची दरी, या नावाने ओळखला जाणारा प्रदेश तो हाच. खैबर पडल्यानंतर तेथील ज्यूंनी थोडा प्रतिकार करून बटाई मान्य केली. त्याच्याही पलीकडे, मदिनेपासून चारशे किलोमीटरच्या आसपास, तैमा हे मरूद्यान आहे. तेथील हद्दाज नावाची प्रचंड विहीर, बाबिलोनचा राजा नबोनिडस याने येथे काढलेली सुमारे दहा वर्षे आणि अतिथीच्या विश्वासासाठी मुलाचा जीव गमावणाऱ्या ज्यू कवी समवअल यांच्या किल्ल्याची आठवण यांमुळे तैमाचे नाव अजरामर झाले. तैमा येथे सापडलेला इ. स. २०३ चा एक कबरलेख यशया हे ज्यू नाव धारण करणाऱ्या माणसाचा आहे. म्हणजे हिजरेच्या चार शतके आधीही ज्यू येथे राहत होते. तैमाच्या ज्यूंनी न लढता कर देणे मान्य केले आणि उमर यांनी त्यांना व वादी अल-कुराच्या ज्यूंना हलवले नाही, कारण हा प्रदेश हिजाझच्या हद्दीबाहेर, सीरियाचा मानला गेला.

मदिनेच्या संघर्षाने अरबस्तानातील ज्यू समाज एका फटक्यात संपला, हे पुष्कळ पुस्तकांत आढळणारे विधान म्हणूनच टिकत नाही. वादी अल-कुरा येथील ज्यूंनी इराकमधील गाओन, म्हणजे ज्यू विद्यापीठांचे प्रमुख, यांना धार्मिक आणि व्यावहारिक प्रश्न विचारल्याच्या नोंदी दहाव्या-अकराव्या शतकातही मिळतात. म्हणजे कुरैझांच्या पाडावानंतर साडेतीनशे वर्षांनीही हिजाझच्या उत्तर सीमेवर ज्यू वस्ती नांदत होती.